ॲटकिन्सन, रोअन

(६ जानेवारी १९५५ – ). ब्रिटिश विनोदी अभिनेते, लेखक आणि ‘मिस्टर बीन’ या पात्राचे जनक. पूर्ण नाव रोअन सेबॅस्टियन ॲटकिन्सन. जन्म ईशान्य इंग्लंडमधील कॉन्सेट येथे. वडील एरिक यांची शेती होती. आईचे नाव एला मे. रोअन हे घरातले शेंडेफळ.

लहानपणापासून त्यांना तोतरेपणाचा त्रास होता. ‘ब’सारख्या, ओठ मिटून उच्चारायच्या अक्षरांपाशी शब्द हमखास अडे. स्वभावही मुळात अबोल व संकोची. डरॅम येथील कोरिस्टर्स स्कूल आणि कंब्रियातील सेंट बीज स्कूल येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. याच वयात फ्रेंच दिग्दर्शक जाक ताती यांचा मस्यू युलो या पात्रावरचा चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. जवळजवळ न बोलताही प्रेक्षकांना हसवता येते, हा त्यातून मिळालेला धडा पुढे आयुष्यभर कामी आला.

न्यूकॅसल विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९७५ मध्ये ते पदव्युत्तर शिक्षणासाठी ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना लेखक रिचर्ड कर्टिस आणि संगीतकार हॉवर्ड गुडॉल भेटले व कायमचे सहकारी झाले. विद्यार्थ्यांच्या एका कार्यक्रमासाठी ऐनवेळी प्रहसन हवे होते. ॲटकिन्सन आरशासमोर उभे राहून चेहरा वेडावाकडा करत राहिले आणि त्यातून एक विक्षिप्त, मुका इसम आकाराला आला. मिस्टर बीनचे मूळ या खटाटोपात आहे. त्यांनी अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवीही पूर्ण केली. पण तोवर रंगभूमीची ओढ पक्की झाली होती.

बीबीसीवरील ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’ (१९७९–८२) या उपहासात्मक मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचवले. या कामासाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये कर्टिस यांच्यासह लिहिलेली ‘ब्लॅकॲडर’ ही ऐतिहासिक विडंबनमालिका सुरू झाली. दुसऱ्या पर्वापासून लेखन कर्टिस व बेन एल्टन यांनी केले, तर ॲटकिन्सन अभिनयापुरते राहिले. पहिल्या महायुद्धातील खंदकांत घडणारे चौथे पर्व (१९८९) विशेष गाजले. या मालिकेची सारी भिस्त धारदार, तिरकस संवादांवर होती. पात्राच्या कातड्यात शिरले की आपला तोतरेपणा बहुधा नाहीसा होतो, असे ॲटकिन्सन सांगतात. अडणाऱ्या अक्षरावर अवाजवी जोर देण्याची त्यांची लकबही याच अडचणीतून आली. ‘ब्लॅकॲडर’च्या दुसऱ्या पर्वात ‘बॉब’ हे साधे नाव ते ओठ दाबून असे फोडतात, की तेवढ्या उच्चारावरच हशा पिकतो.

१९८७ मध्ये माँट्रिऑलच्या विनोद महोत्सवात त्यांनी आपला मुका इसम मुद्दाम फ्रेंच भाषकांच्या कार्यक्रमात सादर केला. इंग्रजीच्या कुबडीशिवाय विनोद पोहोचतो का, हे त्यांना पाहायचे होते. तो पोहोचला. १ जानेवारी १९९० रोजी ‘मिस्टर बीन’चा पहिला भाग आयटीव्ही वाहिनीवर झळकला. या भागात बीन समुद्रकिनारी, शेजारच्या माणसाला संकोचून, अंगातली पँट न काढता आतून पोहण्याची चड्डी चढवण्याचा आटापिटा करतो. तो शेजारी अंध असल्याचे शेवटी कळते. कुणी पाहील याची धास्ती आणि त्यापायी केलेला अचाट उपद्व्याप हे बीनच्या विनोदाचे सूत्र आहे. दर खटपटीत पुढची पायरी आधीच्या पायरीतून काटेकोरपणे निघते. त्यामागची शिस्त अभियंत्याला शोभणारी आहे. या मालिकेने माँट्रो महोत्सवात ‘गोल्डन रोझ’ पटकावला. अवघ्या १५ भागांच्या बळावर बीन जगभर पोहोचला आणि भाषेचा अडसर नसल्याने भारतातही लहानथोरांचा लाडका झाला. पुढे त्यावर ‘बीन’ (१९९७) व ‘मिस्टर बीन्स हॉलिडे’ (२००७) हे चित्रपट आणि एक व्यंगचित्रमालिका निघाली.

गुप्तहेरपटांची खिल्ली उडवणारी ‘जॉनी इंग्लिश’ चित्रपटत्रयी (२००३, २०११, २०१८), गंभीर बाजाची ‘मेग्रे’ (२०१६–१७) आणि ‘मॅन व्हर्सेस बी’ (२०२२) ही त्यांची नंतरची उल्लेखनीय कामे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात नामवंत वाद्यवृंदात बसून एकच स्वर कंटाळत वाजवणारा वादक त्यांनी उभा केला. २०१३ मध्ये त्यांना ‘सीबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला.

खासगी आयुष्यात ते मितभाषीच राहिले. यंत्रांची आवड मात्र सुटली नाही. मोटारींवर त्यांनी नियतकालिकांतून लेखन केले आणि अवजड ट्रक चालवण्याचा परवानाही मिळवला. शब्दप्रधान ‘ब्लॅकॲडर’ आणि शब्दाविना चालणारा ‘बीन’ ही विनोदाची दोन्ही टोके सारख्याच ताकदीने पेलणारे नट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार थोडे झाले. ॲटकिन्सन यांचे स्थान त्यांत अग्रभागी आहे.