पेढीपासून मेळघाटापर्यंत

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारात पेढीची खरी पुंजी म्हणजे तिची पत होय. दूरच्या पेढीवर लिहिलेली हुंडी या पतीवरच वटत असे. तथापि व्यापाऱ्यांमधील हा विश्वास शेतकऱ्याच्या वाट्याला तितकासा आला नाही. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजारांचा कायदा झाला. खोटे माप हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, असे आपली शास्त्रे मात्र कितीतरी आधीपासून सांगत आली आहेत.

व्यापारी स्नेहाचे व्यापक रूप पुढे दिसले. १९८५ मध्ये श्री. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापिलेल्या भारतीय जैन संघटनेने व्यापारी बांधवांच्या ओळखी सेवाकार्यास जोडल्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली गेली; पुढे मेळघाटातील आदिवासी मुलांनाही वाघोलीच्या संकुलात आसरा मिळाला.

सिपनाकाठच्या सेमाडोहहून परतवाड्याच्या बाजाराकडे रस्ता जातो. त्या वाटेने मालाबरोबर स्नेहही ये-जा करावा, अडचणीच्या वेळी निःसंकोच हाक मारावी असा माणूस प्रत्येकास लाभावा, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील मंगलकामना.