दारातला दिवा

रस्त्यावर दिवे लावणे हे नगरपालिकेचे काम, असे आपण धरूनच चालतो. दिवा गेला की तक्रार करायची आणि वाट पाहायची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मात्र ही गोष्ट एका गृहस्थाच्या दारापासून सुरू होते. त्याचे नाव जॉन क्लिफ्टन. अठराव्या शतकाच्या मध्याला त्याने आपल्या दाराबाहेर एक दिवा लावला. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याचा उपयोग दिसला आणि सारे शहर असे उजळावे, हे लोकांच्या मनाने घेतले. १७५१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने रात्रीची गस्त आणि दिवाबत्ती यांसाठी कायदा केला.

याचे श्रेय लोक बेंजामिन फ्रँकलिनला देत. फ्रँकलिनने आत्मचरित्रात ते नाकारले आहे. मान क्लिफ्टनचा, आपण फक्त दिव्याचा आकार सुधारला, असे तो सांगतो. मोठ्या माणसांच्या आत्मचरित्रांत असा प्रामाणिकपणा फारसा भेटत नाही!

आकाराची ती सुधारणाही ऐकण्यासारखी आहे. लंडनहून येणारे दिवे काचेच्या गोल हंड्यांचे असत. खालून हवा आत येत नसे, धूर वर जात नसे. तो आतच फिरे आणि काच काळी पडे. रोज पुसावे लागे. एक धक्का लागला की हंडी संपली. फ्रँकलिनने चार सपाट काचा बसवायला सुचवल्या, वर धूर ओढून घेणारे उंच धुराडे आणि खाली हवेसाठी फटी. दिवा सकाळपर्यंत लख्ख राही आणि फुटलीच तर एखादी काच फुटे. आमच्या पिढीने रॉकेलच्या कंदिलाच्या काचा राखेने घासल्या आहेत. काजळीचे दुःख आम्हाला वेगळे सांगायला नको.

याच शहरात सोसायटी हिल नावाचा जुना भाग आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो पार मोडकळीला आला होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथली घरे ताब्यात घेऊन, त्यांचे जुने रूप परत आणण्याची हमी देणाऱ्यांना विकण्यात आली. विटांच्या पायवाटा झाल्या आणि त्यांच्या कडेला फ्रँकलिनच्या धर्तीचे चार काचांचे दिवे उभे राहिले. आत अर्थातच वीज.

अमेरिकेतल्या अनेक जुन्या मोहल्ल्यांतले रहिवासी अशा दिव्यांसाठी वर्गणी काढतात. हे काम स्वस्त नाही. उंच खांबावरचा दिवा मोटारींसाठी असतो, एक खांब बराच रस्ता सांभाळतो. ठेंगणा खांब पायी चालणाऱ्यासाठी. त्याचा उजेड थोड्याच जागेत पडतो, म्हणून खांब जास्त लागतात आणि प्रत्येकापर्यंत पायवाट खणून तार न्यावी लागते. शिवाय वीजबिल कोणाचे, काच कोणी बदलायची, यावर शहराशी बोलणी आलीच. त्यात या दिव्याच्या चारही काचांतून उजेड पसरतो, तो समोरच्याच्या झोपायच्या खोलीतही शिरतो. एलईडी आल्यावर रंगाचा प्रश्न आला. २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने रस्त्यांवर फार निळसर पांढरा प्रकाश नको, असा सल्ला दिला. जुन्या घाटाच्या दिव्यात तसला प्रकाश मला तरी पाहवत नाही.

पण या सुंदर रस्त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरे नवी झाली तशा किमती चढल्या आणि तिथे राहणारी शेकडो कुटुंबे बाहेर पडली. १९७०च्या दशकात लोम्बार्ड रस्त्यावरच्या काही कृष्णवर्णीय भाडेकरूंवर घर सोडण्याची पाळी आली. त्यांच्यासाठी त्याच भागात कमी भाड्याची घरे बांधायचे निघाले, तेव्हा शेजाऱ्यांपैकीच काहींनी विरोध केला. दिवा अठराव्या शतकातला हवा होता. पण त्या शतकापासून या वस्तीत नांदलेली माणसे मात्र चालत नव्हती.

कारण कृष्णवर्णीयांचे या भागाशी नाते तितकेच जुने आहे. सहावा रस्ता आणि लोम्बार्ड रस्ता यांच्या कोपऱ्यावर मदर बेथेल हे चर्च आहे. गुलामीतून स्वतःला सोडवून घेतलेल्या रिचर्ड ॲलनने १७९४ मध्ये ते स्थापन केले. इमारती बदलल्या, जागा तीच राहिली आणि मालकी चर्चचीच राहिली. आसपासची वस्ती पांगली, तरी चर्चने कोपरा सोडला नाही. रविवारच्या प्रार्थनेला त्याची माणसे शहराच्या दुसऱ्या भागांतून येतात.