सुधारित प्राथमिक शिक्षण योजना, मद्रास

शिक्षक व पैसा यांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून मुलांच्या शाळेचे तास कमी करण्याचा स्वतंत्र भारतातील एक वादग्रस्त प्रयोग. मद्रास राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी जून १९५३ मध्ये तो ग्रामीण प्राथमिक शाळांत सुरू केला.

राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घालून दिली होती. तेवढे शिक्षक उपलब्ध नव्हते आणि असते तरी त्यांच्या वेतनाची तरतूद नव्हती. योजनेचा हिशेब सरळ होता. पाच तासांची शाळा तीन तासांची करून मुलांच्या दोन पाळ्या पाडावयाच्या, म्हणजे त्याच शिक्षकाकडून व त्याच खोलीत जवळजवळ दुप्पट मुले शिकतील. मुलांचे दोन तास घटले, शिक्षकाचा मात्र एक तास वाढला.

उरलेल्या वेळात मुलांनी घरी वडिलांचा व्यवसाय शिकावा, ही जोड योजनेच्या मुळावर आली. जातिबद्ध समाजात वडिलांचा व्यवसाय म्हणजे जातीचाच व्यवसाय. शिवाय शहरांतील मुलांची शाळा पूर्ववत पूर्ण वेळ राहणार होती. पेरियार ई. वे. रामस्वामी यांचे द्राविड कळघम व द्राविड मुन्नेत्र कळघम यांनी ‘कुलक्कल्वी’ (कुळधंद्याचे शिक्षण) असे नाव देऊन तिच्याविरुद्ध आंदोलन उभारले. जुलै १९५३ मध्ये विधानसभेत योजना रद्द करण्याच्या ठरावावर दोन्ही बाजूंना १३८ मते पडली. ती स्थगित करून तज्ञ समितीकडे सोपविण्याचा ठराव १३९ विरुद्ध १३७ मतांनी संमत झाला.

या समितीचे अध्यक्ष मुंबईचे शिक्षणतज्ञ रा. वि. परुळेकर होते. गुणवत्तेच्या नावाखाली शिक्षणप्रसार रोखू नये, हे मत त्यांनी पूर्वीपासून हिरिरीने मांडले होते. समितीने काही फेरफार सुचवून योजना मूलतः योग्य ठरविली. शैक्षणिक दृष्ट्या हा निर्णय असमर्थनीय नव्हता. परंतु तोवर प्रश्न वेळापत्रकाचा उरला नव्हता. एप्रिल १९५४ मध्ये के. कामराज मुख्यमंत्री झाले व मे महिन्यात योजना मागे घेण्यात आली. कामराजांनी पुढे नव्या शाळा उघडणे व १९५६ पासून मध्यान्ह भोजन देणे हा अधिक खर्चाचा मार्ग पत्करला.

मुंबईसारख्या शहरांत दोन पाळ्यांच्या शाळा रूढ झाल्या, त्या मुख्यतः जागेच्या टंचाईमुळे. तेथे सामान्यतः प्रत्येक पाळीचे शिक्षक वेगळे असतात.