गंगथडीची झाकलेली अक्षरे

जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, गोदावरीच्या उत्तर तीरावर पसरलेल्या काळ्या रानात, घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गाव वसलेले आहे. जुन्या दप्तरांत या मुलखाची नोंद औरंगाबाद जिल्हा, अंबड तालुका अशी सापडावयाची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचा अंमल होता, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. राजधानी किंवा रणांगण म्हणून या गावाची कीर्ती नाही. तथापि त्याचे स्थान मोठे अर्थपूर्ण आहे. कारण नजीकच समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब आहे, नदीच्या ओघाने वर गेले असता पैठण लागते, आणि या टापूशी नाते सांगणाऱ्या दोन संप्रदायांनी मराठी अक्षराविषयी परस्परविरुद्ध अशी दोन धोरणे स्वीकारली. एकाने आपले अक्षर झाकून ठेवले. दुसऱ्याने ते होईल तितके ठळक काढून गावोगाव वाटले.

हा जुना विषय आज उकरून काढण्याचे निमित्त मात्र दूरदेशीचे आहे. अमेरिकेतील आमिश लोक समाजमाध्यमे वापरतात काय, असे कुतूहलाने विचारले जाते, आणि विचारणाऱ्याच्या मनात घोडागाडी व कंदील यांचे चित्र असून स्वरात बहुधा किंचित कीव असते. वस्तुस्थिती अशी की, १६९३ मध्ये याकोब आम्मान याच्या अनुयायांनी स्वित्झर्लंड व आल्सास या भागांत आपली वेगळी चूल मांडली आणि अठराव्या शतकात त्यांचे वंशज पेन्सिल्व्हेनियात येऊन स्थिरावले, तेव्हापासून या समाजाने आपले नियम स्वतः ठरविले आहेत. आणि नवे साधन दाराशी आले असता ते किती सोयीचे आहे यापेक्षा, ते घरात घेतल्यास घराचे आणि शेजाराचे काय होईल, याची चौकशी त्याने आधी केली आहे. १९१० च्या सुमारास लँकेस्टर परगण्यात दूरध्वनीचा वाद उपस्थित झाला. यंत्र घरात नको, पण घराबाहेरच्या खोपटात, चार कुटुंबांत मिळून असले तर चालेल, असा मध्यममार्ग त्यातून पुढे रूढ झाला. समाजमाध्यमांच्या बाबतीतही एकच एक उत्तर नाही, कारण प्रत्येक मंडळीचा नियम निराळा असतो: कर्मठ मंडळ्यांत ती निषिद्ध आहेत, काही ठिकाणी व्यवसायापुरती सवलत मिळते, आणि अद्याप बाप्तिस्मा न घेतलेली तरुण मुले काही वस्त्यांत ती सर्रास पाहतात. शिवाय ओहायोतील शुगरक्रीक येथून १८९० पासून निघणारे ‘द बजेट’ हे साप्ताहिक वस्तीवस्तीच्या बातमीदारांची पत्रे छापीत आले आहे; कोणाकडे पाहुणे आले, कोण आजारी पडले, पेरणी कोठवर आली, हेच त्यातील वृत्त. समाजमाध्यमाचे निम्मे काम त्यांच्याकडे छापील कागदाने आधीच पत्करलेले होते.

साधनाची अशी चौकशी करणारा समाज पाहण्यासाठी महासागर ओलांडण्याचे प्रयोजन नाही. आमच्या गंगथडीत ती कित्येक शतकांपूर्वी झाली, आणि त्या वेळचे नवे साधन होते मराठी पोथी.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी पैठणास आणि गोदाकाठच्या गावांतून संचार करीत होते. त्यांनी आपले निरूपण लोकांच्या मराठीत केले, आणि ते ऐकणाऱ्यांत विद्वान शास्त्री जसे होते तशाच घरदार सोडून आलेल्या बाया होत्या. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी, ज्याने ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडे जाऊन, साक्षीदाराचा जबाब घ्यावा तशी प्रत्येकाची आठवण नोंदवून, १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून त्याची गणना होते. पुढे पंथातील पंडित शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत असता आचार्य नागदेवांनी त्यांना निवारले, आणि कारण दिले ते असे की, त्यायोगे आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील. ज्ञानाचे द्वार सामान्य जनांसाठी इतक्या निश्चयाने उघडे ठेवणारा दुसरा आचार्य त्या काळात शोधूनही सापडणे कठीण.

आणि तरीही, पाऊणशे वर्षे लोटतात न लोटतात तोच, याच पंथाने आपल्या पोथ्या झाकल्या. चौदाव्या शतकाच्या मध्यास, १३५३ च्या सुमारास, रवळोबासांनी ‘सकळ’ नावाची सांकेतिक लिपी प्रचारात आणली, असे मानले जाते. तिच्या मागोमाग सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी लिप्या निरनिराळ्या शाखांतून निघाल्या. भाषा मराठीच राहिली. मात्र एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा कल्पिलेले चिन्ह योजिले जाई आणि वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी संक्षेपाच्या खुणा असत. त्यामुळे ज्यास गुरूने किल्ली दिली नाही, त्यास समोरचे पान म्हणजे केवळ शाईचे ठिपके. गुरूपाशी राहावे, सेवा करावी, आचार अंगवळणी पडावा आणि मग अक्षर हाती यावे, असा तो क्रम होता.

हे असे का झाले, याची कारणे एकाहून अधिक आहेत. यादवांचे राज्य कोसळले त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली आणि हिराइसेसारख्या साधकांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. एकदा जे हरपले ते पुन्हा हरपू नये, ही धास्ती त्या मनांत असणारच. वर्णव्यवस्था व बहुदेवोपासना यांविषयी पंथाची मते प्रस्थापितांना रुचणारी नव्हती; ती उघड्या अक्षरात कोणाच्याही हाती पडणे म्हणजे आपणहून फिर्यादीला पुरावा पुरविणे होते. आणि तिसरे कारण अधिकाराचे: ईश्वराचे वचन अनधिकाऱ्याच्या हाती पडून त्याची विटंबना होऊ नये, ही कळकळ. निर्णय घेणारे लोक भाबडे नव्हते. साधनाची शक्ती त्यांनी पुरती ओळखली होती, म्हणूनच त्यांनी त्याला कुलूप घातले.

याच मुलखात अडीच शतकांनी दुसरे धोरण उदयास आले. जांबचे सूर्याजीपंत ठोसर हे कुलकर्णी; अर्थात दप्तर, कलमदान आणि हिशेबाच्या वह्या यांच्या सहवासातच त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण, जे पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाले, १६०८ मध्ये जन्मास आले. कुलकर्ण्याच्या घरातील अक्षराचा हा संस्कार ‘दासबोधा’त स्पष्ट उमटला आहे, कारण त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखनक्रियेस वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी समान अंतरावर याव्यात, काना-मात्रा-वेलांटी नीट ठरलेली असावी, ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत एकाच हाताने लिहिल्यासारखा दिसावा, हे समर्थ बारकाईने सांगतात. तारुण्यात फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचवत नाही, म्हणून मध्यम आकार धरावा, आणि पानाच्या चोहोबाजूंस कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही, इतका व्यवहारी उपदेश परमार्थाच्या ग्रंथात क्वचितच आढळेल. शिष्य कल्याणस्वामी हे या धोरणाचे मूर्तिमंत उदाहरण. त्यांच्या हातची दासबोधाची पोथी डोमगावच्या मठाने जपली. मठ तेथे पोथी आणि पोथी तेथे नकलनवीस, अशी ती व्यवस्था होती.

पोथी म्हणजे प्रत्यक्षात काय वस्तू होती, हे छापील पुस्तकावर वाढलेल्या वाचकास सांगितले पाहिजे. आडव्या लांबट, सुट्या पानांची ती चळत असे; वर-खाली लाकडी फळ्या आणि सभोवती तांबड्या कापडाचे बासन. शाई दिव्याच्या काजळीत डिंक खलून घरी केलेली, लेखणी बोरूची, आणि चूक झाली तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर पुन्हा लिहावयाचे. शेवटच्या पानावर लेखक शक, मास, तिथी घालून, जसे पाहिले तसे लिहिले, दोष असल्यास मला बोल लावू नये, अशी विनवणी करी. एक मोठा ग्रंथ उतरविण्यास महिनेच्या महिने लागत, आणि ते श्रम पुण्यात जमा होत. नकलनवीस, वाचक आणि श्रोते मिळून एक मंडळी बने. पोथी ज्याच्या घरी असे त्याच्या घराला गावात मान असे.

झाकलेल्या अक्षराचा लाभ असा झाला की, महानुभावांचे गद्य परक्या हातांच्या प्रक्षेपांपासून पुष्कळ अंशी बचावले. पंथ उत्तरेस पंजाब आणि थेट काबूलपर्यंत गेला, तेथे तो जयकृष्णी नावाने ओळखला जाऊ लागला, आणि तेथील मठांतही धर्मग्रंथांची भाषा म्हणून मराठी टिकली. परंतु या लाभाची किंमत जबर होती. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते कल्पितात. ‘मानभाव’ हा शब्द गावठी बोलीत ढोंग्याला लावलेली शिवी होऊन बसला, काळ्या वस्त्रांविषयी भलभलत्या कंड्या पिकल्या, आणि खुलासा करण्यास पंथापाशी जे साधन होते तेच कुलुपात होते. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांना तर आपल्या गद्याचा आरंभच दीर्घकाळ अज्ञात राहिला.

इकडे छापखाना येऊन पोहोचला होता. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले, १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी मुद्रित केली, आणि छापील धर्मग्रंथास शिवावे की नाही, हा वाद सोवळ्या घरांतून काही काळ धुमसला. शाईत चरबीऐवजी तूप घालावे लागल्याची हकीगत त्याच काळातली. निजामाच्या मुलखात कचेरीची भाषा प्रथम फारसी व पुढे उर्दू असल्यामुळे मराठी छपाईला राजाश्रय नव्हता, आणि गंगथडीतील घरांत हस्तलिखित पोथीचा व्यवहार रेंगाळला. समर्थ संप्रदायाने छापखान्याचे स्वागत केले. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे रामदासी पोथ्या धुंडाळून प्रकाशात आणल्या. महानुभावांचे कुलूप मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, काही महंतांनीही विश्वासाने किल्ली दिली, आणि वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने व वि. भि. कोलते यांनी एकेक ग्रंथ छापून मराठीच्या आद्य गद्याचे दालन खुले केले. हे उघडणे निर्वेध झाले नाही. कोलत्यांनी संपादिलेले व राज्य शासनाच्या साहित्य-संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेले लीळाचरित्र पंथातील अनेकांना मान्य झाले नाही आणि त्यावरून तीव्र वाद माजला. ग्रंथ कोणाचा, तो जपणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही.

आज चित्र पालटले आहे. ज्या वचनांसाठी पूर्वी वर्षानुवर्षे गुरुसेवा करावी लागे, ती प्रवचने भ्रमणध्वनीवर घरबसल्या ऐकू येतात, आणि महानुभाव व रामदासी या दोहोंचे अनुयायी एकाच माध्यमावर शेजारी शेजारी नांदतात. या इतिहासावरून माझा निवाडा असा आहे: समाजाने साधनाला नियम घालावा, हा त्याचा अधिकार आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही, परंतु जो नियम काळ बदलल्यावरही पुन्हा तपासला जात नाही, तो रक्षण करता करता बदनामीला वाट करून देतो. महानुभावांनी कुलूप घातले, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्यातीलच काहींनी ते काढलेही. आमिशांची मंडळी आपला नियम आजही बसून ठरविते. ज्यांच्या घरात कोणत्याच यंत्राविषयी कधी बैठक बसली नाही, त्यांनी या दोघांची कीव करू नये.

राहता राहिला एक व्यवहाराचा मुद्दा. गंगथडीच्या जुन्या घरांत, देव्हाऱ्यामागे किंवा माळ्यावर, बासनात गुंडाळलेल्या पोथ्या अद्याप असतील. अक्षर लागत नाही म्हणून त्या नदीत सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. वाचकांस विनंती इतकीच की, कुंभार पिंपळगाव असो की दुसरे कोणतेही गाव, अशी पोथी सापडल्यास ती गोदावरीत विसर्जित करण्यापूर्वी जाणकारास दाखवावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि ती कोणाच्या घरची, कोणत्या शकातली, हे सोबत लिहून ठेवावे.