स्पीकरच्या पाठीवरचे ८ ओहम

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम आला की जुन्नर-आंबेगावच नव्हे, तर दूरदूरच्या गावांचे पुढारी फडांना सुपारी द्यायला येथे येतात. ढोलकीचा आवाज आता स्पीकरमधून हजारो प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. अशा एखाद्या स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' असे छापलेले असते. पण मल्टिमीटर लावल्यास ६ ते ७ ओहमच भरतात. मग खोटे कोण?

दोन्ही खरे आहेत. मल्टिमीटर वेटोळ्याच्या तारेचा रोध मोजतो. ८ हा आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा, म्हणजे संरोधाचा, ढोबळ निर्देशक आहे. ही संज्ञा इंग्रज अभियंता ऑलिव्हर हेविसाइड याने १८८६ मध्ये रूढ केली. तिला सुटसुटीत गणित दिले ते आर्थर केनेली याने. त्याचा जन्म १८६१ सालचा, आपल्या मुंबईतील कुलाब्याचा! एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या केनेलीने १८९३ मध्ये दाखवले, की संरोध ही संमिश्र संख्या मानली, तर ओहमचा नियम प्रत्यावर्ती प्रवाहालाही लागू पडतो. या संख्येचा कोन म्हणजेच विद्युतदाब आणि प्रवाह यांच्यातील कलांतर.

पुढे १९१२ मध्ये केनेली व पिअर्स यांनी टेलिफोनच्या श्रवणयंत्रावर प्रयोग केले. पडदा हलू दिला की संरोध बदलतो, असे त्यांना आढळले. स्पीकरचेही तसेच आहे. चुंबकीय क्षेत्रात हलणारे वेटोळे स्वतःच जनित्र बनते आणि उलट दाब निर्माण करते. अनुस्पंदनाच्या कंप्रतेला ही हालचाल सर्वांत जोरात होते, म्हणून तेथे संरोध कित्येक पटींनी वाढतो.

कलांतराचा परिणाम पाहू. ८ व्होल्ट दाब, ८ ओहम संरोध. प्रवाह १ अँपियर. कलांतर शून्य असेल, तर स्पीकरला ८ वॅट मिळतात. ६०° असेल, तर निम्मेच, ४ वॅट. अँप्लिफायरला मात्र प्रवाह तेवढाच पुरवावा लागतो, आणि नेहमीच्या अँप्लिफायरमध्ये उरलेल्या शक्तीची उष्णता होऊन ट्रान्झिस्टर तापतात. त्यात ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले, तर संरोध २ ओहमवर येतो. स्नेहसंमेलनात अँप्लिफायर जळतो तो बहुधा अशाच जोडणीमुळे.

वर्गात हे पटवणे सोपे आहे. सुटा मोठा स्पीकर घ्या व पडद्यावर हलकेच टिचकी मारा. मग त्याची दोन्ही टोके तारेने जोडून पुन्हा मारा. दुसऱ्या वेळी आवाज बद्द येतो, कारण उलट दाबाने वाहणारा प्रवाह हालचालीला आवर घालतो.

केनेलीचे नाव जुन्नर तालुक्याशी आणखी एका धाग्याने जोडलेले आहे. वातावरणात उंचावर विद्युतवाहक थर असावा, असे १९०२ मध्ये त्याने व हेविसाइडने स्वतंत्रपणे सुचवले. तोच आजचा आयनांबर. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या लहरींच्या कलांची तुलना करतात. आणि त्या कला बिघडवतो तो हाच आयनांबर. नारायणगावच्या स्पीकरला आणि शेजारच्या खोडदच्या दुर्बिणीला गणित लागते ते एकच.