तिसरा भिडू आला की गणित का फिरतं?

आजची गोष्ट पत्त्यांची, पण खरं तर माणसं मोजण्याची.

पोकरमध्ये हातात एक्क्यांची जोडी आली, म्हणजे सगळ्यात भारी सुरुवात. समोर एकच भिडू असेल आणि दोघंही शेवटपर्यंत थांबलात, तर साधारण ८५ टक्के वेळा तुम्ही जिंकता. आता समोर पाच जण बसवा, सगळे शेवटपर्यंत थांबले असं धरा. आकडा थेट ५० च्या खाली! पानं तीच, फक्त माणसं वाढली. म्हणून तर भरल्या टेबलावर जाणकार बरीच पानं टाकून देतात आणि दोघांच्या डावात साध्या पानांवरही भिडतात.

पण भानगड टक्केवारीपेक्षा खोल आहे. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञाने सिद्ध केलं की दोघांच्या खेळात, जिथे एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, तिथे एक पक्की पद्धत असतेच. ती पाळली की समोरचा कितीही हुशार असो, सरासरीने तुम्हाला ठरावीक मर्यादेपलीकडे बुडवू शकत नाही. अधूनमधून थाप मारणं, म्हणजे ब्लफ, हासुद्धा त्याच हिशोबाचा भाग.

तिसरा आला की ही हमी गेली. १९५० मध्ये जॉन नॅशने दाखवलं की कितीही खेळाडू असले तरी एक समतोल असतो, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही. त्याच्या प्रबंधात तिघांच्या पोकरचं छोटंसं उदाहरणही आहे. पण हा समतोल तुम्हाला वाचवेलच असं नाही. दुसऱ्याने चूक करायची, तिसऱ्याने कमवायचं आणि भुर्दंड तुम्हाला, असंही होतं.

संगणकही याच क्रमाने पुढे गेले. २०१७ मध्ये लिब्राटसने चार व्यावसायिकांना हरवलं, पण प्रत्येकाशी एकास एक खेळून. सहा जणांच्या टेबलावर प्लुरिबस जिंकला तो २०१९ मध्ये, तोही कुठल्याही गणिती हमीशिवाय.

तेव्हा रीलमध्ये कुणी ‘हमखास जिंकायचा फॉर्म्युला’ विकत असेल, तर एकच विचारा: भाऊ, किती जणांच्या टेबलासाठी? आणि प्रत्येक डावातून कट काढणारा तो न खेळणारा भिडू मोजलास का?