बँकेतला माणूस आणि त्याची चेटकीण : रत्नाकर मतकरींची गोष्ट

आजचा भाग रत्नाकर मतकरींवर आहे.

नाव ऐकल्याबरोबर तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मनात 'गूढकथा' म्हटलं असणार. साहजिक आहे. मोबाईलवर मतकरी सर्च करा, काय दिसतं? काळा थंबनेल, लाल अक्षरं, 'रात्री एकट्याने ऐकू नका' वगैरे. 'खेकडा', 'ऐक टोले पडताहेत', 'निजधाम'. माझ्या ओळखीत असे कितीतरी लोक आहेत, ज्यांनी मतकरी कधी वाचलेले नाहीत, फक्त ऐकलेत. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये, हॉस्टेलच्या कॉटवर, नाईट शिफ्टला.

आणि तेच मतकरी मराठीतले मुलांच्या जादूई गोष्टींचे सगळ्यात मोठे लेखक होते, हे त्यांना सांगितलं की ते म्हणतात, "दुसरे कुणीतरी असतील." नाही हो. तेच.

हा घोळ का झाला, त्याबद्दल आज बोलू. माझं मत आधीच सांगतो. मतकरींचं मोठ्यांसाठीचं लिखाण कानातून पोचतं, म्हणून ते मोबाईलवर आलं. मुलांसाठीचं काम मात्र रंगमंचावर होतं. ते फॉरवर्ड करता येत नाही. त्यामुळं मुंबई-पुण्याबाहेरच्या आपल्या पिढीच्या वाट्याला मतकरी अर्धेच आले.

आता सुरुवातीपासून. जन्म १७ नोव्हेंबर १९३८, मुंबई. पहिली एकांकिका 'वेडी माणसं'. ती १९५५ साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. म्हणजे बघा, वय सोळा-सतरा, आपल्याकडं अकरावी-बारावीचं. आणि हा लेखक लोकांपुढं आला तो आवाजातून. पॉडकास्टवाल्यांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे ही. पुढं अर्थशास्त्र घेऊन पदवी आणि १९५८ पासून बँक ऑफ इंडियात नोकरी. ही नोकरी लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

आता दुसरं नाव, सुधा करमरकर. या बाईंचं नाव आपल्या पिढीला जवळजवळ माहीतच नाही, आणि ते मला फार खटकतं. त्या अभिनेत्री होत्या. अमेरिकेला जाऊन त्यांनी मुलांचं थिएटर म्हणजे काय असतं ते पाहिलं, शिकल्या. आपल्याकडं तोपर्यंत मुलांचं नाटक म्हणजे शाळेचं गॅदरिंग. पडद्याऐवजी चादर, राजाला पुठ्ठ्याचा मुकुट, शेवटी उपदेश. करमरकरांनी परत येऊन ठरवलं, मुलांना खरं नाटक द्यायचं. खरे प्रकाश, खरं नेपथ्य, आणि मोठ्या माणसांनी मन लावून केलेल्या भूमिका. मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधारानं त्यांनी 'लिटल थिएटर' म्हणजे बालरंगभूमी सुरू केली. पहिलं नाटक रंगमंचावर आलं २ ऑगस्ट १९५९ ला. नाव 'मधुमंजिरी'. लेखक, वीस वर्षांचे रत्नाकर मतकरी.

वीस वर्षांचा पोरगा, बँकेत नवा नवा लागलेला, आणि मराठी व्यावसायिक दर्जाच्या बालनाट्याची सुरुवात त्याच्या नाटकानं होते. तिथून तीन वर्षांत, १९६२ साली, त्यांनी स्वतःची संस्था काढली. नाव ठेवलं 'बालनाट्य'. इतकं साधं. पत्नी प्रतिभा मतकरी बरोबरीनं त्यात होत्या. ही संस्था जवळपास तीन दशकं चालली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या', 'राक्षसराज झिंदाबाद', 'अचाट गावची अफाट मावशी', 'इंद्राचं आसन नारदाची शेंडी', 'गाणारी मैना'. नुसती नावं मोठ्यानं म्हणून बघा. जीभ खेळायला लागते. मूल नाटकाला यायच्या आधीच नावावर हसतं.

इथं जरा अमेरिकेत जाऊ, कारण तुलना करायचा मोह होतोय. एल. फ्रँक बॉम माहीत असेल, 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ'चा लेखक. पुस्तक १९०० सालचं. या बॉमला मूळचं वेड नाटकाचं होतं. ऑझचं संगीत नाटक १९०२ साली शिकागोत आलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गेलं, तुफान चाललं. मग बॉमला वाटलं, आणखी मोठं करू. १९०८ मध्ये त्यानं ऑझवरचा एक दौरा काढला. फिल्म, रंगीत स्लाइड, वाद्यवृंद, आणि मंचावर स्वतः बॉम गोष्ट सांगतोय. आजच्या भाषेत मल्टिमीडिया शो. लोकांना आवडला, पण खर्च इतका की तिकिटांच्या पैशात भागेना. शो काही महिन्यांत बंद. १९११ साली बॉमनं दिवाळखोरी जाहीर केली. जगातल्या सगळ्यात लाडक्या बालकथांपैकी एक लिहिलेला माणूस!

मुलांचं थिएटर हा असा धंदा आहे. राजवाडा लागतो, जंगल लागतं, राक्षस लागतो, आणि तिकीट मात्र स्वस्त ठेवावं लागतं, कारण एका मुलाबरोबर आई, बाबा आणि धाकटी बहीण येते. मतकरींनी यातून काय वाट काढली? ते बँकेत जात राहिले. वीस वर्षं. १९७८ पर्यंत. दिवसा बँकेची खाती आणि संध्याकाळी राक्षसाची तालीम. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि चित्रकार असल्यामुळं नेपथ्यही पुष्कळदा त्यांचंच. आमच्या आयटीत याला साईड प्रोजेक्ट म्हणतात, आणि ते बहुतेक तिसऱ्या महिन्यात बंद पडतं. माझ्या लॅपटॉपवर अशी चार फोल्डर आहेत.

पण मला खरं बोलायचंय ते चेटकिणीबद्दल.

'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण. ही भूमिका केली दिलीप प्रभावळकरांनी. प्रभावळकर म्हणजे तुमच्यासाठी 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी. तात्या विंचूच्या कितीतरी आधी ते मतकरींच्या संस्थेत घडत होते. एका बाजूला चेटकीण आणि दुसऱ्या बाजूला 'आरण्यक'मधला विदुर. 'आरण्यक' हे मतकरींचंच, महाभारताच्या युद्धानंतरच्या म्हाताऱ्या माणसांचं नाटक. एकच लेखक, एकच नट. मुलांचं नाटक हे त्या मंडळींसाठी दुय्यम काम नव्हतं, हे यावरूनच कळतं.

आता बॉमनं काय म्हटलं होतं? ऑझच्या प्रस्तावनेत त्याचा सूर असा आहे की जुन्या परीकथांमधली दुःखं आणि भीतिदायक स्वप्नं आता नकोत, मुलांना नुसता आनंद मिळू दे. अर्थात चेटकीण त्यालाही सोडवली नाहीच. मतकरी मात्र उघडउघड दुसऱ्या पक्षाचे. मुलाला भीती द्यायची. नीट, मापात, पण खरी द्यायची. कारण मुलाला घाबरायला आवडतं, अट एवढीच की शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एकदा चेटकिणीचं एक नाटुकलं बसवलं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स केलेली स्क्रिप्ट, सुतळीचे केस, कागदाच्या लगद्याचं नाक. नववीतल्या एका दादानं चेटकीण केली. तो हसला आणि पहिल्या रांगेतली बालवाडीची पोरं एकदम रडायला लागली. बाईंनी धावत येऊन त्यांना मागं नेलं. पाच मिनिटांनी तीच पोरं गुडघ्यावर रांगत पुन्हा पहिल्या रांगेत. आणि हिरोच्या मागं चेटकीण आली की सगळी बोंबलतायत, "मागं बघ! मागं बघ!" हेच ते. थिएटरातली भीती ही सार्वजनिक असते. तीनशे पोरं एकदम घाबरतात आणि एकदम हसतात. पांघरुणात मोबाईल घेऊन ऐकलेली भीती वेगळी. ती एकट्याची असते.

मतकरींना दोन्ही जमायच्या, आणि मला वाटतं दुसरी त्यांना पहिलीमुळं जमली. मुलांपुढं भंपकपणा चालत नाही. मूल कंटाळलं की चुळबुळ करतं, पाणी मागतं, शूला जातं. टीकाकार निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. त्या प्रेक्षकापुढं ज्यानं इतकी वर्षं ताण कुठं वाढवायचा आणि कुठं सोडायचा हे तपासून पाहिलं, त्याच्या 'खेकडा'त फालतू वाक्य सापडणार नाहीच.

शिवाय त्यांच्या मोठ्यांच्या लिखाणातसुद्धा मुलं येत राहिली. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी पहिला सिनेमा दिग्दर्शित केला, 'इन्व्हेस्टमेंट', स्वतःच्याच कथेवरून. त्याला साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. त्यात राक्षस नाही, चेटकीण नाही. एका सुखवस्तू घरातला शाळकरी मुलगा आहे, त्याच्या हातून एक भयंकर गुन्हा होतो, आणि आईबाप त्याला वाचवायला निघतात, कारण त्याच्या भविष्यावर त्यांनी गुंतवणूक केलेली आहे. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसानंच ठेवावं असं नाव. चिंची चेटकिणीपेक्षा तो बाप जास्त घाबरवतो.

आता माझ्या गावाकडं येतो. मी पाथरीचा, जिल्हा परभणी. पाथरी म्हटलं की लोकांना साईबाबांचं जन्मस्थान आठवतं. २०२० च्या जानेवारीत त्यावरून शिर्डीत बंद झाला आणि दोन दिवस आम्ही सगळ्या चॅनलांवर होतो. बाकी गावातून कल्याण-निर्मल हायवे जातो, रेल्वे पकडायची तर मानवत रोड गाठायचं, आणि मुंबई पाचेकशे किलोमीटर. अशा गावात राजवाडा, जंगल आणि पंधरावीस कलाकार घेऊन ट्रक कसा येणार? आला तर उतरवणार कुठं? मुलांची मोठी नाटकं सुट्ट्यांत, मोठ्या शहरांच्या नाट्यगृहांत होत राहिली. हा मतकरींचा दोष नाही, हे हिशोबाचं गणित आहे, बॉमला ज्यानं बुडवलं तेच. २०१८ साली 'अलबत्या गलबत्या' नव्यानं आलं. दिग्दर्शन चिन्मय मांडलेकरचं, चेटकीण वैभव मांगले. हाऊसफुल्ल चाललं. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीतल्या प्रयोगात त्या जड वेशात, उकाड्यानं, मांगलेंना भोवळ आली. सांगली ही नाट्यपंढरी! तिथं ही गत, तर मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाचं काय बोलता.

हे मतकरींना कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच त्यांचं शेवटच्या वर्षांतलं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. पंचाहत्तरी गाठली असताना त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीनं 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्याच्या वस्त्यांमधली मुलं, ज्यांनी नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही. त्यांना फुकट नाटक दाखवून फोटो काढला असता तरी चाललं असतं. पण मतकरींनी त्यांना सांगितलं, तुमचं नाटक तुम्हीच करा. विषय तुमच्या वस्तीतला, शब्द तुमचे, नट तुम्हीच. नेपथ्य नको, भारी कपडे नकोत. म्हणजे ज्या राजवाड्या-जंगलापायी बालनाट्य महाग होत होतं, तेच त्यांनी काढून टाकलं. वर्षानुवर्षं जादूची नगरी उभी करणाऱ्या माणसानं हे करणं सोपं नसणार.

२०१८ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. 'मधुमंजिरी'नंतर एकोणसाठ वर्षांनी. उशीर म्हणायचा की काय, तुम्ही ठरवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुधा करमरकर गेल्या. आणि १७ मे २०२० ला, पहिल्या लॉकडाऊनमध्ये, मुंबईत कोरोनानं मतकरी गेले. वय एक्क्याऐंशी. सगळी नाट्यगृहं तेव्हा बंद होती.

मागच्या भागावर परभणीतल्या एका ताईंचा मेसेज होता की शाळेत मुलांकडून काय बसवून घेऊ, बजेट काहीच नाही. ताई, मतकरींची बालनाटकं पुस्तकरूपात आहेत, मिळवा आणि आधी वर्गात मोठ्यानं वाचा. नुसती वाचली तरी पोरं चेटकिणीचा आवाज काढायला लागतील. प्रयोग करायचा झाला तर परवानगी मात्र रीतसर घ्या, आणि पत्रिकेवर लेखकाचं नाव छापा. आमच्या त्या झेरॉक्सवर ते नव्हतं. सुतळी कुठल्याही किराणा दुकानात मिळते.

चला, भेटू पुढच्या भागात.